पहाटे तीन छप्पनला तुम्ही केवढे होता?

उमरगा-लोहारा भागात एखाद्याला वय विचारा, साल क्वचितच ऐकायला मिळतं. ‘भूकंपात मी दुसरीत होतो.’ ‘थोरली भूकंपाच्या आदली, धाकटा नंतरचा.’ आधीच्या पिढीनं बहात्तरचा दुष्काळ जसा कालगणनेची खुंटी म्हणून वापरला, तसा या पिढीनं भूकंप वापरला. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली आणि दमून झोपली. घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, त्यावर लाकडी तुळया, त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. जगाला नाव कळलं ते लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं. पण तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर आणि त्याच्या आसपासची गावंही त्याच पहाटे बसली.

‘भूकंपात मी केवढा होतो’ हे वाक्य तिथली माणसं सहज बोलून जातात, पण मानसशास्त्रानं विचारायचा पहिला प्रश्नही नेमका हाच आहे. जमीन सगळ्यांखाली सारखीच हलली. पाच वर्षांच्या पोराचं त्यात काय हललं, सोळाच्या मुलाचं काय, चाळिशीच्या बाईचं काय आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याचं काय, हे मात्र वेगवेगळं आहे. म्हणून उपायही वेगळे लागतात. एकच औषध सगळ्या वयांना पाजायचं, ही आपली सगळ्यात जुनी चूक. ‘धीर धरा’ हे ते औषध.

आयुष्याचे टप्पे पाडून प्रत्येकाचा वेगळा पेच सांगणारा माणूस म्हणजे एरिक एरिक्सन. 1950 साली आलेल्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या पुस्तकात त्यानं आयुष्याचे आठ टप्पे मांडले. तान्ह्या बाळाचा पेच विश्वासाचा, किशोरवयाचा ‘मी कोण’ हा, मध्यमवयाचा ‘माझ्या हातून पुढच्यांसाठी काय घडतंय’ हा, आणि म्हातारपणाचा ‘झालं ते आपलं म्हणून पदरात घेता येतं का’ हा. हा माणूस 1962 मध्ये अहमदाबादला आला, तिथं गांधींच्या गिरणी संपाच्या गोष्टीत गुंतला आणि 1969 मध्ये त्यानं गांधींवर मोठा ग्रंथच लिहिला. आपल्याकडे एरिक्सनचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, हे तर आपले आश्रमच! तुलनेचा मोह त्यालाही झाला होता. पण आश्रमव्यवस्था पुरुषानं काय करावं ते सांगते. घरातल्या बाईचा वानप्रस्थ कोणता, हे त्या व्यवस्थेला सुचलेलं नाही. आणि एरिक्सनच्या शिडीतही एक गृहीतक आहे: माणूस पायरी पायरीनं चढतो. त्या पहाटेनंतर बारा वर्षांची एखादी पोरगी दोन धाकट्या भावंडांची आई झाली असेल, तर ती कुठल्या पायरीवर उभी आहे? तिचं वय बारा आहे, पेच तिशीतला आहे. मधल्या पायऱ्यांची थकबाकी पुढे कधीतरी वसूल होते, बहुधा तिच्या स्वतःच्या मुली बारा वर्षांच्या होतात तेव्हा.

लहान मुलांपासून सुरुवात करू, कारण त्यांच्याबद्दल आपला गैरसमज सर्वांत मोठा आहे. ‘लहान होतं, त्याला काय कळतंय.’

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या इस्पितळांत आजारी मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवत. भेट आठवड्यातून एखादी. जेम्स रॉबर्टसन यानं 1952 मध्ये अशाच एका दोन वर्षांच्या मुलीवर छोटी फिल्म केली. तो आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जे दाखवलं, ते आजही प्रत्येक आजीला सांगण्यासारखं आहे. आई दिसेनाशी झाली की मूल आधी आकांत करतं. मग गप्प होतं, एका जागी बसतं. मग पुन्हा खाऊ-पिऊ लागतं, कुणाकडेही जातं, हसतंसुद्धा. नर्सेस म्हणायच्या, आता रुळलं. बोल्बी म्हणाला, रुळलं नाही, त्यानं आशा सोडली. आई परत आल्यावर ते मूल तिच्याकडे बघतही नाही, तोंड फिरवतं, तेव्हा खरं काय ते कळतं.

भूकंपानंतर निराधार झालेल्या मुलांचं काय करायचं, याची दोन उत्तरं इथं शोधली गेली. भारतीय जैन संघटनेनं शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. राष्ट्र सेवा दलाच्या माणसांनी, पन्नालाल सुराणा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी, तुळजापूर तालुक्यात नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभं केलं. एक वाट शहरात गेली, एक मातीजवळ राहिली. कुठली बरोबर, हा वाद घालायला मजा येते, पण मुलाच्या दृष्टीनं प्रश्न दुसराच आहे: रोज संध्याकाळी तोच चेहरा दिसतो का? जागा कुठलीही चालते. माणसं सतत बदलणारी असली, तर चांगल्यात चांगली इमारतही त्याला परकीच राहते.

आणि भूकंप हा तर एकदाच झाला. कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांत दरवर्षी दिवाळीच्या सुमारास एक छोटा भूकंप होतो. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे ‘कोयते’, ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरूण, कधी शेळी आणि तान्हं पोर. शाळेतली मुलं मागे आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. गुढीपाडव्याच्या आगेमागे आईबाप परततात. या निघण्याची एक रीत मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे: ‘पोरगं झोपल्यावर निघायचं, म्हंजी रडत न्हाई.’ यामागची माया खोटी नाही. पण पोर सकाळी उठतं तेव्हा त्याच्या लेखी झोप ही धोक्याची गोष्ट झालेली असते. झोपलं की माणसं जातात. मग ते रात्री जागतं, आजीचा पदर मुठीत धरून पडतं, पाचव्या वर्षी पुन्हा अंथरूण ओलं करतं आणि त्याबद्दल मार खातं.

रडू द्यावं. सांगून निघावं, दिवसाउजेडी. ‘लवकर येते’ असं म्हणू नये, कारण ‘लवकर’ हे मुलाच्या हिशोबात आज संध्याकाळ असतं. ‘संक्रांतीच्या तिळगुळाला फोन करीन, होळीच्या पोळीनंतर येईन’ हे त्याला मोजता येतं. आईचं एखादं वापरलेलं, न धुतलेलं लुगडं मागे ठेवावं. याला खर्च नाही आणि यामागे बोल्बी उभा आहे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मोठ्यांना घाबरवते, ती म्हणजे त्यांचा खेळ. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावी शाळेच्या बसमधून 26 मुलांचं अपहरण झालं, सगळी वाचली. लिनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्यांचा पुढे अभ्यास केला, तेव्हा दिसलं की मुलं तीच घटना पुन्हा पुन्हा खेळतायत. भूकंप पाहिलेलं पोर दगडांचं घर रचून पाडत असेल, बाहुली मातीत पुरून उकरत असेल, तर त्याला दटावू नका, ‘अभद्र खेळू नको’ म्हणू नका. जे सांगायला शब्द नाहीत, ते पोर हातांनी सांगतंय. शेजारी बसा. खेळ महिनोन् महिने तसाच, तोच शेवट घेऊन चालू राहिला आणि पोर त्यात मोकळं न होता अधिकच घाबरं होत गेलं, तर मात्र डॉक्टरांकडे न्या.

किशोरवयाबद्दल थोडक्यात, कारण त्या मुलांना लांबण आवडत नाही. एरिक्सननं या वयासाठी एक छान कल्पना दिली आहे: सवलतीचा काळ. समाज तरुणाला म्हणतो, काही वर्षं हे करून बघ, ते करून बघ, अजून पक्कं नाव लावू नकोस. धाराशिवच्या शेतकऱ्याच्या मुलाला असा काळ कोण देतो? मला वाटतं, आपल्याकडे ही सवलत स्पर्धा परीक्षेनं दिली. ‘काय करतोस?’ ‘तयारी करतोय.’ पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकेत किंवा तालुक्याच्या भरती अकॅडमीत घालवलेल्या वर्षांना या एका वाक्यानं प्रतिष्ठा मिळते. गावात बेकार म्हणवून घेण्यापेक्षा, आणि शेती करतो म्हटलं की लग्नाला मुलगी मिळत नाही त्यापेक्षा, हे उत्तर बरं. पण सवलत वयोमर्यादेला संपते आणि उत्तर एका निकालात हिसकावलं जातं. अशा मुलाशी बोलताना ‘पुढचा प्रयत्न कधी’ हे विचारू नये. तयारी सोडून तो आणखी काय आहे, याची आठवण करून देणारं काहीतरी विचारावं. तो पखवाज वाजवत असेल, गावातली मोटर दुरुस्त करणारा तोच एकटा असेल. ‘मी कोण’ या प्रश्नाला दोन उत्तरं असलेला माणूस एक उत्तर गेल्यावर पुरता कोसळत नाही.

आता मधलं वय. घराचा कणा म्हणून ज्याची चौकशी कुणी करत नाही, ते.

भूकंपानंतर मनोविकारतज्ज्ञ इथं पोहोचले, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. पुण्याचे डॉ. मोहन आगाशे, ज्यांना बहुतेक मराठी माणूस ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना म्हणून ओळखतो, त्यांनी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या प्रकल्पात या भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा पाठपुरावा काही वर्षं केला. दिल्लीच्या मंडळींचा एक प्राथमिक अभ्यास 1996 मध्ये अमेरिकन नियतकालिकात छापून आला. नैराश्य आणि आघातोत्तर ताण हे आजार वाचलेल्यांत मोठ्या प्रमाणावर दिसले, आणि बायकांना धोका अधिक, असं त्यातून पुढे आलं.

बायकांना अधिक का, याचं उत्तर ‘बाईचं मन हळवं’ असं देऊन मोकळं होऊ नये. चूल तिला पेटवायचीच होती, पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा. पंचनामा, भरपाई, घराचा नकाशा हे सगळं पुरुषांशी बोललं जात होतं. म्हणजे ओझं पूर्ण आणि निर्णय शून्य. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी साठच्या दशकात दाखवून दिलं होतं की दुःखापेक्षा ‘मी काहीही केलं तरी फरक पडत नाही’ हा अनुभव प्राण्याला अधिक मोडतो.

म्हणूनच पुढे जे घडलं ते मला मानसोपचाराच्या पुस्तकात घालावंसं वाटतं, जरी ते करणाऱ्यांनी त्याला मानसोपचार म्हटलं नव्हतं. पडझड झालेल्या हजारांहून अधिक गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. भिंत कुठं मजबूत करायची, सिमेंट किती, पैशांचा हप्ता कधी, हे या बायकांनी शिकून घेतलं, घरोघर समजावलं, इंजिनिअरला प्रश्न विचारले. ज्या दगडी भिंतीनं माणसं गिळली, तिच्यात आरपार बांधदगड कसा घालायचा, हे एका बाईला कळलं की ती भिंत तिच्यासाठी निराळी होते. भीतीची वस्तू कामाची वस्तू झाली. 2001 मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका कच्छच्या बायकांशी बोलायला गेल्या. एरिक्सन ज्याला मध्यमवयाचं काम म्हणतो, पुढच्यांसाठी काही मागे ठेवणं, ते इतक्या उघडपणे क्वचित दिसतं.

पुरुषांचं दुखणं हळूहळू, नापिकी आणि कर्जाच्या वाटेनं आलं. 2015 मध्ये राज्य सरकारनं शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान सुरू केलं, तेव्हा निवडलेले दोन जिल्हे होते यवतमाळ आणि उस्मानाबाद. त्याच सुमारास आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी आरोग्य विभागाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करणार आणि गरज असलेल्याला समुपदेशकाकडे पाठवणार, अशी त्याची रचना.

विचारपूस करायची म्हणजे काय विचारायचं? जगभर यासाठी एक नऊ प्रश्नांची यादी वापरतात, तिचं नाव पीएचक्यू-9. मागच्या पंधरा दिवसांत कामात रस वाटला का, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं असं करत नवव्या प्रश्नाला ती जिवाच्या विचारापर्यंत येते. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की नीट तपासायचं. कागदावर सोपं आहे. ओसरीवर बसलेल्या पन्नाशीच्या गड्याला ‘तुम्हाला उदास वाटतं का’ असं विचारून बघा. ‘उदास काय असतंय?’ म्हणेल आणि तंबाखू मळेल. तोच माणूस ‘करमंना झालंय’, ‘अंगात बळच न्हाई’, ‘झोप यीना’, ‘डोस्कं जड पडतंय’ हे आपणहून सांगेल. बाई असेल तर ‘जिवाला घोर लागलाय’ म्हणेल किंवा सरळ पाठ दुखते म्हणून सलाईन लावून मागेल. आपल्या बोलीत मनाची तक्रार शरीरातून बोलते, आणि ऐकणाऱ्यानं तिथूनच धागा धरायचा असतो. झोपेपासून सुरुवात करावी. ‘रातच्याला किती वाजता जाग येती? मग काय इचार येत्यात?’ आणि शेवटचा प्रश्न टाळू नये. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. बहुतेकांना उलट सुटल्यासारखं होतं.

हे डॉक्टर नसलेल्या माणसांकडून होऊ शकतं, याचा पुरावा विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे सुरुवातीला 4 टक्के होते, दीड वर्षात ते 27 टक्क्यांवर गेले. 2017 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धाराशिव जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं, ती वाटही हीच: ताप मोजायला आलेली बाई घरातला अबोलाही मोजून जाते.

म्हातारपणाकडे येताना मला भूकंपाची ती बावन्न गावं आठवतात, जी जुन्या जागेवरून उठवून नवीन ठिकाणी वसवली. सरळ रस्ते, आखीव प्लॉट, सिमेंटची घरं, ऐसपैस अंतर. इंजिनिअरच्या डोळ्यांना देखणी. पण जुन्या गावात बोळ होते, समोरासमोर ओसऱ्या होत्या, चार पावलांवर पार होता. म्हातारा माणूस घराबाहेर पडला की बोलणं आपोआप व्हायचं. नव्या गावात बोलायला मुद्दाम चालत जावं लागलं, आणि गुडघे दुखणारा माणूस मुद्दाम चालत नाही. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांचं संशोधन सांगतं की वय वाढतं तशी माणसं स्वतःहून आपला गोतावळा लहान करतात, नवीन ओळखींपेक्षा मोजकी जुनी माणसं निवडतात, आणि त्यात बहुधा सुखी असतात. अडचण ही की निवडलेली माणसं हाताशी हवीत. सत्तरीतल्या माणसाला ‘नवे मित्र जोडा’ हा सल्ला देणं म्हणजे त्याला दुसरीचं पुस्तक देण्यासारखं आहे. त्याचा जुना सोबती आठवड्यातून एकदा मोटारसायकलवर बसवून आणून सोडा.

आता पोरं पुण्याला, चाकण-हडपसरला, आणि गावात म्हातारी माणसं व नातवंडं. बाजूनं बघणाऱ्याला हे ओझं वाटतं, आणि गुडघ्यांना ते आहेच. पण ज्या आजीची एका पोराला गरज आहे ती सकाळी उठायचं कारण शोधत बसत नाही. मुलगा-सून परत आले आणि नातू घेऊन गेले की मग ती आजारी पडते. तेव्हा तिला रक्त तपासायला नेतात.

एक शेवटची गोष्ट, ज्या मुलानं ‘भूकंपात मी दुसरीत होतो’ म्हटलं त्याची. तो आता चाळिशीत आहे, बाप आहे. या पट्ट्यात अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतात, बातम्या छापून येतात, तहसीलदार ‘घाबरू नका’ म्हणतात. आवाज आला की तो दाराबाहेर असतो, पोरांना बखोटीला धरून. आपण कधी उठलो हे त्याला नंतर कळतं. त्याच्या मुलांना भूकंप माहीत नाही, पण बापाचा चेहरा माहीत आहे, आणि भीती तिथूनच शिकली जाते. हा वेडेपणा नव्हे, शरीर जुनी आठवण पाळतंय. बाहेर यावं, हरकत नाही. मग पोरांना सांगावं की मी का धावलो, तेव्हा मी केवढा होतो आणि त्या रात्री काय झालं. बऱ्याच घरांत ही गोष्ट पूर्ण कधी सांगितलीच गेलेली नाही.

सांगायला घरात कुणी नसेल, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे 14416. ऑक्टोबर 2022 पासून तो चालू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.